आधी आईने वाचावं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रोवणीचे दिवस, बाहेर रिपरिप सुरू, आणि आमच्या वाचनालयात चिटपाखरूही नव्हतं. वाचनालय म्हणजे फार काही नाही हो. शाळेतून निवृत्त झाल्यावर घराच्या पडवीत दोन लोखंडी कपाटं ठेवली, एक सतरंजी टाकली आणि एक नोंदवही घातली, एवढंच. चामोर्शीतली पोरं-पोरी येतात, पुस्तक घेतात, वहीत सही करतात आणि जातात.

फाटक वाजलं. एक बाई आत आली. छत्रीतून पाणी गळत होतं आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बसली नाही, पाणीसुद्धा नको म्हणाली. ते पुडकं माझ्यासमोर ठेवून एकदम म्हणाली, "मॅडम, असं पुस्तक पोराले कायले देल्लं जी?"

मी कागद सोडला. आत बिंदुमाधव खिरे यांचं 'इंद्रधनु' होतं. समलैंगिकतेची माहिती देणारं मराठी पुस्तक. तिचा मुलगा अकरावीत. त्याने ते स्वतःच कपाटातून काढलं होतं, वहीत नीट सही केली होती. मी दिलं नव्हतं, पण अडवलंही नव्हतं.

"त्याच्या बाबाच्या हाती लागलं असतं तर घरात महाभारत झालं असतं," ती म्हणाली. मग आवाज एकदम खाली आणून, दाराकडे बघत तिने विचारलं, "माझा पोरगा तसा आहे का जी?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न विचारताना त्या आईच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी आधी एकदा पाहिलं होतं. आरशात. म्हणून मी तिला खरं तेच सांगितलं. तो तसा आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. कुतूहल म्हणून नेलं असेल, मित्रासाठी नेलं असेल, स्वतःसाठीही नेलं असेल. पण तू आली आहेस तर बस थोडी. चहा टाकते. एक गोष्ट सांगते.

तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगते. ज्यांची ही गोष्ट आहे त्या दोघांनाही विचारूनच सांगते आहे. ओळख पटेल अशा चार खुणा तेवढ्या बदलल्या आहेत.

माझ्या बहिणीचा मुलगा अकरावी-बारावीला माझ्याकडे होता. हुशार, अबोल, कामाला वाघ. मला "मावशी मावशी" करून स्वयंपाकघरात मदत करायचा. पुढे शिकला, नोकरीला लागला आणि लग्नाचं वय झालं. "मला लग्न करायचं नाही," एवढंच तो म्हणायचा. का, ते सांगायचा नाही. आम्ही सगळ्या बायका हसायचो. "सगळेच असं म्हणतात, मांडवात उभा राहिला की विसरेल." बहीण रडायला लागली, मेव्हण्यांनी बोलणं सोडलं, एकाने अंगारा आणून दिला. शेवटी तो गप्प झाला. त्या गप्प होण्याला आम्ही होकार समजलो.

आणि स्थळ कुणी आणलं? मीच. वैनगंगेपलीकडच्या एका गावची मुलगी, बारावी शिकलेली, हसरी. मीच बघून आले, मीच नारळ दिला. २००४ सालचं लग्न. चौदा महिन्यांनी मुलगी माहेरी गेली ती परत आली नाही. मग काय काय बोललं गेलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिच्यात खोट आहे, तिचं बाहेर काही असेल, ती थंड आहे, ती वांझ आहे. बोलणाऱ्या बायकाच होत्या. मी त्यांच्यात होते की नव्हते? होते. गप्प बसून होते, म्हणजे होतेच.

बऱ्याच वर्षांनी महाशिवरात्रीच्या यात्रेत मार्कंड्याला ती मला भेटली. नदीच्या वाळूत गर्दीतून वाट काढत होतो आणि समोरासमोर आलो. पाया पडली. उठताना तिने विचारलं, "मावशी, माझ्यात का कमी होतं जी?" मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. देवाच्या दारात उभी राहून मी तिला म्हटलं, "नशीब गं बाई." अजून तो शब्द मला टोचतो.

भाचा तोवर पुण्याला निघून गेला होता. २०१४ च्या उन्हाळ्यात त्याच्याकडून पोस्टाने एक पार्सल आलं. आत खिरे यांचीच दोन पुस्तकं, 'पार्टनर' नावाची कादंबरी आणि हे 'इंद्रधनु'. सोबत चिठ्ठी होती, "मावशी, आधी हे वाच. मग बोलावंसं वाटलं तर फोन कर."

खरं सांगते, मुखपृष्ठ पाहून मी ते पार्सल कपाटावर टाकलं. चार महिने तिथेच पडलं होतं. झाडताना हाताला लागायचं, मी पुन्हा मागे सरकवायची. दिवाळीत सगळे बाहेर गेले होते तेव्हा एकदा दार लावून कादंबरी वाचायला घेतली. समलिंगी मुलाच्या वाढण्याची ती कहाणी. आपण इतरांसारखे नाही हे त्याला कळतं, तो ते कुणाला सांगू शकत नाही, घरात लग्नाचा विषय निघतो… वाचता वाचता माझं स्वयंपाकघर माझ्यासमोर उभं राहिलं. भाकरी थापणारी मी, शेजारी भाजी निवडत बसलेला तो सतरा वर्षांचा मुलगा, आणि मी त्याला म्हणते आहे, "बघ, तुझ्यासाठी कशी गोरी बायको आणते ते." त्या दोन वर्षांत त्याने किती वेळा तोंड उघडायचा प्रयत्न केला असेल!

पण तोंड उघडून तो म्हणणार तरी काय होता? आपल्याकडे शब्द होता का? आम्ही शिक्षक माणसं, घरात पुस्तकं, तरी या गोष्टीसाठी आमच्या घरात शिव्यांशिवाय दुसरा शब्द नव्हता. आमचा हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. मला नाटकाचं फार वेड. त्यात एखादं बायकी चालीचं विनोदी पात्र आलं की सगळा मांडव लोळायचा. एका वर्षी भाचाही माझ्याशेजारी बसला होता आणि त्या पात्राला सगळ्यांत जोरात तोच हसला होता. मला ते चांगलं आठवतं, कारण एरवी तो मोठ्याने हसायचाच नाही. इतक्या जोरात का हसला, हे मला पुस्तक वाचल्यावर कळलं. हसला नसता, तर कुणीतरी त्याच्याकडे बघितलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. मूल आपल्याला काही सांगेल तेव्हा पुस्तक शोधायला निघू नका. पुस्तक आधी घरात असू द्या. आणि मुलाच्या हाती देण्याआधी आईने ते वाचलेलं असू द्या.

तुम्ही म्हणाल, त्या पुस्तकांत असं आहे तरी काय? मला जे कळलं ते साध्या भाषेत सांगते. माणसाचं मन कुणाकडे ओढलं जातं, याला 'लैंगिक कल' म्हणतात. बहुतेकांचं मन भिन्न लिंगाच्या व्यक्तीकडे ओढतं. काहींचं आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे, ते समलिंगी. काहींचं दोघांकडे. आपण इथे नेहमी एक घोळ घालतो, समलिंगी म्हणजे तृतीयपंथी असं समजतो. तसं नाही. आपण स्वतःला मुलगा मानतो की मुलगी, हा प्रश्न वेगळा आणि प्रेम कुणावर बसतं, हा वेगळा. माझा भाचा पुरुषच आहे, मिशा ठेवतो, क्रिकेट बघतो. त्याचं मन बाईत रमत नाही, इतकंच.

हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हा आजार नाही असं जाहीर केलं. आणि 'आम्ही मुलगा सुधारून देतो' म्हणत जे उपचार केले जातात, ते डॉक्टरने करणं म्हणजे व्यवसायातलं गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ठरवलं. अंगाऱ्याने जात नाही, शॉकने जात नाही आणि लग्नाने तर मुळीच जात नाही. लग्नाने एकाऐवजी दोन आयुष्यं खराब होतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

हा गुन्हाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ बद्दल निकाल दिला आणि दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. लग्नाला मात्र मान्यता मिळालेली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो विषय संसदेवर सोडला.

"हे सगळं शहरातलं फॅड, आमच्याकडे असलं काही नसतं," असं एक मैत्रीण मला म्हणाली. मी तिला आमच्याच जिल्ह्याची गोष्ट सांगितली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता. त्याआधी कुणी म्हणायचं का, की आमच्या बायकांना काही दुखणं आहे? कुणीच नाही. कारण कुणी विचारतच नव्हतं. विचारल्यावर बायका बोलल्या आणि राणीताईंनी ते 'कानोसा' या पुस्तकात लिहिलं. स्त्रीरोग हा आजार होता आणि मी सांगते आहे तो आजार नाही, हा फरक आहेच. पण गप्प राहायची आपली रीत तीच. गप्प आहे म्हणजे नाही, असं होत नसतं गं!

याच राणीताईंच्या पुढाकाराने 'सर्च' संस्थेने तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' नावाची शिबिरं सुरू केली. वयात येणं म्हणजे काय, शरीर म्हणजे काय, हे मुलांशी उघडपणे बोलायचं. इकडे आमच्या जंगलाच्या जिल्ह्यात हे चाललं होतं आणि तिकडे २००७ साली शाळांतलं लैंगिक शिक्षण आपल्या राज्यात गदारोळ होऊन बंद पडलं. मी तेव्हा शिकवत होते. खरं सांगू? आम्हा शिक्षकांना हायसं वाटलं होतं. तो धडा नको, ती मुलांची हसरी तोंडं नकोत, ते प्रश्न नकोत. आज वाटतं, वर्गात तेव्हा चाळीस मुलं बसली होती. त्यांतल्या एखाद्याला तरी त्या धड्याची गरज असेल.

आणि मराठीला हा विषय नवाही नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढत. वाचक त्यांना लैंगिक प्रश्न विचारायचे आणि ते उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली हायकोर्टात त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं असेल? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, लोकांनी विचारलं तर शास्त्राने उत्तर द्यायलाच हवं, ही बाबासाहेबांची बाजू. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक पुढे १९५३ पर्यंत, कर्व्यांच्या शेवटापर्यंत, चाललं. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा सिनेमा कर्व्यांवरच आहे. आपल्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे. त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी जे उघड कोर्टात मांडलं, ते आपण घरात दार लावूनही बोलू शकत नाही, याचा विचार करा.

पुढे विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आलं. बाईवर प्रेम करणारी एक मुलगी त्याच्या मध्यभागी होती आणि रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली होती. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची. पुण्यातलं अगदी तुमच्या-आमच्यासारखं घर, आणि घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊही जीव लावतो आणि बहीणही. दोघं आपापली बाजू सांगतात. मला ती आवडली ती यासाठी, की दुःख दोघांचं सारखंच खरं वाटतं.

एक तक्रार मात्र मी करणार आहे. जुन्या गोष्टींत अशा माणसांच्या वाट्याला बहुधा मरण येतं. 'मित्राची गोष्ट' तशीच संपते. मोठ्यांना त्यातून समाजाची क्रूरता कळते, हे मान्य. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती तेवढी एकच गोष्ट पडली, तर तिला काय कळेल? आपल्यासारख्यांचा शेवट हाच! म्हणून जगण्याच्या गोष्टीही शेजारी हव्यात. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांच्या विभागातलं पहिलं पारितोषिक मिळालं. वडील वारल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा तगादा लावतात. आणि त्याची आई? तिला सगळं माहीत असतं आणि ती त्याच्या पाठीशी असते. गावातली, नऊवारी पिढीतली आई. मला त्या आईचा हेवा वाटला.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "असली पुस्तकं वाचून मुलं बिघडतील ना?" त्या दिवशी चहा पिताना तिनेही हेच विचारलं. मी तिला म्हटलं, तुझ्या मुलाने आजवर कोणत्या गोष्टी ऐकल्या? राजकुमार आणि राजकन्येच्या. सिनेमे कोणते बघितले? हीरो आणि हिरोइनचे. माझ्या भाच्यानेही तेच ऐकलं, तेच बघितलं. हजार गोष्टींनी त्याचा कल इकडे वळला नाही, तर एका पुस्तकाने कुणाचा तिकडे कसा वळेल? पुस्तकाने कल बदलत नाही. एकटेपण मात्र कमी होतं. 'असा मी एकटाच नाही' एवढं एक वाक्य कळलं, तरी एखादं मूल विहिरीच्या काठावरून मागे येतं.

तिकडे अमेरिकेतही हा वाद चालूच आहे. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात दोन नर पेंग्विनांनी मिळून एक पिल्लू वाढवलं, त्या खऱ्या घटनेवर २००५ साली लहान मुलांचं एक चित्रपुस्तक निघालं. वाचनालयांतून काढून टाका अशी मागणी होणाऱ्या पुस्तकांत ते वर्षानुवर्षं अगदी वर होतं. २०२५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, धर्माच्या कारणाने पालकांना नको असेल तर शाळेत अशा गोष्टी वाचल्या जाताना मुलाला बाहेर ठेवू देण्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे आईबापांची काळजी सगळीकडे सारखीच. मला त्या काळजीची टिंगल करायची नाही. मूल कोवळं असतं, त्याला काय द्यायचं ते वय बघूनच द्यावं. पण मूल वर्गाबाहेर बसलं तरी शाळेच्या मैदानावर 'बायल्या' ही शिवी त्याला ऐकू येतेच. त्याच्या आधी चांगला शब्द कानावर पडलेला बरा, असं मला वाटतं.

मग करायचं काय? मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत.

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर त्याला एवढंच पुरे, की घरं नाना प्रकारची असतात. काही घरांत आई-बाबा, काही घरांत फक्त आजी, कुठे दोन मैत्रिणी मिळून संसार करतात. शरीरसंबंधाचा विषय इथे येतच नाही. दहा-बाराचं झालं, की चिडवण्याबद्दल बोला. एखाद्या मुलाची चाल नाजूक आहे, एखादी मुलगी पोरांसारखी राहते, म्हणून तिला नाव ठेवायचं नाही. आणि हे बोलताना आपली जीभ आधी आवरा, कारण मुलं शिव्या घरातूनच नेतात. चौदा-पंधराच्या पुढे मात्र खरे शब्द, खरी माहिती आणि कायदा सांगायला हवा. पुस्तक टेबलावर ठेवा आणि म्हणा, "मी वाचलं, मला बरंच नवीन कळलं. वाटलं तर तूही वाच." मागे लागू नका. "तू तसा आहेस का?" असं कधीच विचारू नका. मुलाने आपणहून सांगितलं, तर ते त्याच्या बाबांना, आजीला, मामाला सांगायच्या आधी त्याला विचारा. ती बातमी त्याची आहे, आपली नाही.

आणि मुलगी असेल तर? मुलाला निदान पुण्या-नागपूरला पळून जायची सोय असते. मुलीला तीही नसते. तिच्या 'नाही'कडे तर कुणी लक्षच देत नाही, विसाव्या वर्षी उजवून मोकळे होतात. म्हणून मुलगी लग्नाला ठाम नाही म्हणाली, तर रागावण्याआधी एकदा तिच्याजवळ बसा. कारण हेच असेल असं नाही. कारण काहीही असेल. पण ऐकल्याशिवाय मांडव घालू नका, एवढं तर आपल्या हातात आहे!

आपण एकट्या आहोत असंही समजू नका. मुंबईत २०१७ पासून 'स्वीकार' नावाचा अशा मुलांच्या आईबापांचा गट आहे. २०२३ साली देशभरातल्या चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांच्या लग्नाला मान्यता मागितली. त्यांत कितीतरी आया असतील गं. त्यांतल्या कितीतरी जणी आधी देवघरात बसून रडल्याच असतील. आणि लांब कशाला, आपल्या विदर्भात यवतमाळला २०१७ च्या डिसेंबरात एका मुलाने आपल्या जोडीदारासोबत समारंभ केला, पेपरात बातम्या आल्या होत्या. कायद्याने ते लग्न नव्हे. पण जवळची माणसं जमली होती, हे काय कमी आहे?

भाच्याला मी त्या दिवाळीतच फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण "वाचलं रे" एवढंच तोंडातून निघालं. पलीकडे तोही बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याच्या परवानगीने मी नदी ओलांडून त्या मुलीच्या गावी गेले. आता ती अंगणवाडीत काम करते, पुन्हा लग्न केलं नाही. तिला सगळं सांगितलं. तुझ्यात काही कमी नव्हतं गं, त्याच्यातही नव्हतं. चूक आमची होती, तुमच्या दोघांच्या मोठ्यांची. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "हे तवाच कोनी सांगितलं असतं, मावशी." मी माफी मागितली. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भाकर खाऊन जा म्हणाली. मी खाल्ली.

हे सगळं सांगून होईस्तोवर चहा निवून गेला होता. माझ्यासमोर बसलेली ती आई काही बोलली नाही. पाऊस उघडला तशी उठली. छत्री घेतली, दारापर्यंत गेली आणि परत आली. टेबलावरचं पुस्तक तिने त्याच वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळलं. "आधी मी वाचतो, मॅडम," म्हणाली. "मले वाचाले वेळ लागते. चालते ना?"

मी म्हटलं, चालतं. वहीत मुलाच्या नावाखाली तिने स्वतःची सही केली. परतीच्या तारखेचा रकाना मी मुद्दामच रिकामा ठेवला.